‘डब्ल्यूएचओ मान्यताप्राप्त’ म्हणजे नक्की काय हो, मॅडम?

नीटचा निकाल लागला की दरवर्षी या सदराच्या टपालात एकच विषय उरतो. मधुमेहातल्या पायाच्या जखमेचे आणि थायरॉईडच्या गोळीचे प्रश्न म्हणून पुढच्या अंकात घेते. ज्यांनी घाईचं म्हणून लिहिलंय, त्यांची पत्रं आधी. नावं छापू नका असं सगळ्यांनीच कळवलं होतं, ते पाळलं आहे.

प्रश्न : मॅडम, स.न.वि.वि. मुलीला नीटला ४१२ मार्क आहेत. सरकारी कॉलेज मिळेल असं वाटत नाही आणि खासगीची फी माझ्यासारख्या पतसंस्थेतल्या क्लार्कला झेपणारी नाही. फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका कन्सल्टन्सीत जाऊन आलो. मध्य आशियातल्या एका विद्यापीठाचं पत्रक मिळालं. ‘डब्ल्यूएचओ व एनएमसी मान्यताप्राप्त, आंतरराष्ट्रीय दर्जाची एमडी पदवी’ असं त्यावर आहे. सहा वर्षांचा सगळा खर्च २८ लाख. रविवारपर्यंत ५० हजार भरले तर जागा पक्की म्हणतात. ही पदवी खरंच जगभर चालते का? – एक पालक, धायरी

उत्तर : रविवारी काहीही भरू नका. त्या जागा संपल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही, फक्त रविवार संपतात. शिवाय परदेशी प्रवेशासाठी नीटचा निकाल तीन वर्षं चालतो. घाई तुम्हाला नाही, त्यांना आहे.

आता पत्रकाकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटना कुठल्याही मेडिकल कॉलेजला मान्यता देत नाही, ते तिचं कामच नाही. पूर्वी ती जगभरच्या मेडिकल कॉलेजांची यादी प्रसिद्ध करायची, तेवढ्यावर हा शब्दप्रयोग अजून तग धरून आहे. २०१४ पासून ‘वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स’ ही यादी डब्ल्यूएफएमई (वर्ल्ड फेडरेशन फॉर मेडिकल एज्युकेशन) आणि फेमर या वैद्यकीय शिक्षणातल्या दोन संस्था मिळून चालवतात. तीही टेलिफोन डिरेक्टरीसारखीच. नाव छापलंय म्हणजे माणूस त्या पत्त्यावर राहतो, तो भला आहे असं नव्हे.

‘एनएमसी मान्यताप्राप्त’चीही तीच गत. एनएमसी म्हणजे नॅशनल मेडिकल कमिशन, आपल्याकडच्या वैद्यकीय शिक्षणाचे नियम ठरवणारी संस्था. ती परदेशी कॉलेजांची मान्यताप्राप्त यादी काढत नाही. त्यांनी काढलेत ते नियम, आणि १८ नोव्हेंबर २०२१ नंतर परदेशात प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाला ते लागू आहेत. कोर्स किमान ५४ महिन्यांचा हवा आणि त्याच संस्थेत आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. माध्यम इंग्रजी. सगळं शिक्षण एकाच संस्थेत व्हायला हवं, त्यातला एखादा तुकडा भारतात येऊन पुरा केलेला चालत नाही. ज्या देशाने पदवी दिली, त्या देशात प्रॅक्टिस करण्याचं लायसन्स तिथल्या नागरिकाच्या बरोबरीने मिळण्याजोगं असायला हवं. आणि हे सगळं, इथली परीक्षा व इथली इंटर्नशिप धरून, प्रवेशापासून दहा वर्षांत उरकायचं.

यातली लायसन्सची अट कन्सल्टन्सीत कोणी आपणहून सांगत नाही. तुमच्या जागी मी असते तर पहिलं तेच विचारलं असतं. तुमच्या देशातला मुलगा या कॉलेजातून पास झाला की त्याला लगेच पेशंट तपासता येतो का? येत नसेल तर त्याला आणखी काय करावं लागतं, आणि तेच माझ्या मुलीला करू देतात का? उत्तर विद्यापीठाच्या लेटरहेडवर घ्या. एजंटाचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज हा पुरावा नव्हे. त्याच पत्रात आणखी दोन गोष्टी लिहून मागा. सहा वर्षांतलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं आहे की इंटर्नशिप निराळी आहे? आणि इंग्रजी शेवटच्या वर्षापर्यंत आहे का? काही ठिकाणी पहिली तीन वर्षं इंग्रजीत शिकवून पुढे गाडी स्थानिक भाषेवर नेतात, आणि मग आपल्या नियमात ती मुलं बसत नाहीत.

परत आल्यावर एफएमजीई आहे, म्हणजे परदेशात पदवी घेतलेल्यांना इथे द्यावी लागणारी परीक्षा. तिच्या जागी नेक्स्ट ही नवी परीक्षा येणार येणार म्हणून बरीच वर्षं गाजतेय, ती येईपर्यंत हीच परीक्षा. ३०० प्रश्न, पास व्हायला १५०, निगेटिव्ह मार्किंग नाही. वर्षातून दोनदा होते. ऐकायला सोपं वाटतं, पण जून २०२४ मध्ये बसलेल्यांपैकी साधारण २१ टक्केच पास झाले, म्हणजे पाचात एक. त्यानंतर इथे आणखी वर्षभर इंटर्नशिप, मग कायमची नोंदणी. तेव्हा २८ लाखांत काय काय धरलेलं नाही, ते कागदावर मांडा. फी डॉलरमध्ये आणि तुमचा पगार रुपयांत, येण्याजाण्याची तिकिटं, परत आल्यावर एफएमजीईचा क्लास, आणि त्या काळात मुलगी घरी बसून असणार तो खर्च.

परदेशात पाठवूच नका असं मी म्हणत नाही. नीट चौकशी करून गेलेली, मन लावून शिकलेली मुलं माझ्या युनिटमध्ये इंटर्न म्हणून आली आहेत आणि आज उत्तम काम करताहेत. पण आधी राज्यातले प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलच्या शेवटच्या फेरीपर्यंत थांबा. मोकळ्या राहिलेल्या जागांसाठी शेवटी फेरी होते, तेव्हा चित्र बदलतं. डीम्ड विद्यापीठांच्या फेऱ्या एमसीसी ही केंद्राची समिती घेते, पण तिथल्या फीचा आकडा बघूनच पुढे जा.

आणि एक. एवढ्या लांबलचक पत्रात मुलीला काय वाटतं, याची एक ओळ नाही. सहा वर्षं उणे तापमानात ती राहणार आहे, तुम्ही नाही. तिला विचारा. वाटल्यास पुढचं पत्र तिलाच लिहू द्या.

प्रश्न : मॅडम, मला शेवटी अमेरिकेतच जायचंय. तळेगावला किंवा नऱ्ह्याला खासगी कॉलेजात नंबर लागेल असं दिसतंय आणि घरच्यांची तयारी आहे. पण क्लासचे सर म्हणतात की इथली एमबीबीएस तिकडे चालत नाही, त्यापेक्षा जॉर्जियाला जा, ती डिग्री इंटरनॅशनल असते. – बारावी झालेली विद्यार्थिनी, हडपसर

उत्तर : सरांना माझा नमस्कार सांग आणि विषय बदल.

अमेरिकेत बाहेरची कुठलीच डिग्री तशीच्या तशी चालत नाही, तिबिलिसीची नाही आणि तळेगावचीही नाही. दोघींनाही तिकडच्या लायसन्सच्या परीक्षेतल्या स्टेप १ आणि स्टेप २ सीके, इंग्रजीसाठी ओईटी, परदेशी डॉक्टरांची पात्रता तपासणाऱ्या ईसीएफएमजीचं सर्टिफिकेट, मग मॅचमधून (उमेदवार आणि हॉस्पिटलं यांच्या जोड्या लावतात ती पद्धत) रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं पुढचं प्रशिक्षण, असाच जिना चढावा लागतो. स्टेप ३ बहुतेक जण रेसिडेन्सीत असताना देतात. जानेवारी २०२२ पासून स्टेप १ ला मार्क नाहीत, नुसतं पास-नापास. त्यामुळे सगळा भार स्टेप २ सीकेच्या स्कोअरवर आणि तू वॉर्डात काय केलंस यावर आला आहे. कॉलेजला मान्यता देणाऱ्या संस्थेकडे डब्ल्यूएफएमईची मान्यता आहे का, हे तिकडे आता बघितलं जातं. आपल्या एनएमसीला ती २०२३ मध्ये मिळाली, दहा वर्षांसाठी. म्हणजे सर ज्याला इंटरनॅशनल म्हणताहेत, ते पुणे जिल्ह्यात बसूनही होतं.

ब्रिटनचा विचार मनात असेल तर तिथे बाहेरच्या डॉक्टरांसाठी प्लॅब ही परीक्षा आहे. पहिला भाग १८० प्रश्नांचा, भारतात देता येतो. दुसरा प्रात्यक्षिकाचा, त्याला मँचेस्टरला जावं लागतं. पास होणं जमतं, पण नंतरच्या नोकरीसाठी सध्या तिकडे झुंबड आहे.

आणि अमेरिकेचं नाहीच जमलं, व्हिसा अडला, तिकडचे नियम फिरले, तर? इथून एमबीबीएस केलेली तू इंटर्नशिप संपली की इथे डॉक्टर. तिकडून आलेली तू आधी एफएमजीईच्या क्लासला. घरची तयारी असताना आणि इथे जागा मिळत असताना हा वळसा कशाला, ते तूच सांग.

प्रश्न : मॅडम, मी मध्य आशियात मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत घरी आलोय. वर्गात इंग्रजी असतं, पण हॉस्पिटलात सगळे रशियन बोलतात. एका पेशंटभोवती आम्ही पंचवीस जण उभे असतो. सर काहीतरी सांगतात, पुढचे दोघं मान हलवतात, संपलं. सीनियर म्हणतात वॉर्डात वेळ घालवू नको, ऑनलाइन लेक्चर्स कर, एफएमजीई तेवढ्यावर निघते. मला दुसऱ्या देशातल्या चांगल्या कॉलेजात जावंसं वाटतंय. बदलू का? – सिंहगड रोड

उत्तर : बदलू नकोस. वर धायरीच्या पत्राला लिहिलंय ते वाच, सगळं शिक्षण एकाच संस्थेत हवं. युक्रेनच्या मुलांना २०२२ मध्ये युद्धामुळे दुसरीकडे शिकायची मुभा दिली होती, पण तो युद्धापुरता अपवाद होता. कोणी ‘आम्ही क्रेडिट ट्रान्सफर करून देतो’ म्हणालं तर तिथून उठ. करायचंच असेल तर पहिल्या वर्षापासून नव्याने, आणि तो खर्च कोणाचा, ते घरी बोलून बघ.

सीनियर म्हणतात त्यात अर्धं तथ्य आहे. व्हिडिओ बघून एफएमजीई निघू शकते. अडतं ते पुढे.

माझ्या युनिटला परदेशातून आलेली एक इंटर्न होती. एफएमजीई पहिल्या फटक्यात पास, हुशार, बोलायला चटपटीत. वॉर्डात दौंडकडचा एक ऊसतोड मजूर दाखल होता. दोन घासांत पोट भरतं, डाव्या कुशीवर झोपवत नाही, असं सांगत होता. प्लीहा, म्हणजे डाव्या बरगडीखालचा तो अवयव, कशाकशाने वाढते, ते हिला मलेरियापासून रक्ताच्या कॅन्सरपर्यंत तोंडपाठ. म्हटलं, बघ हाताला लागते का. तिने सरळ डाव्या बरगडीखाली हात ठेवला, दाबला, आणि म्हणाली, ‘मॅडम, नॉर्मल.’

प्लीहा एवढी वाढली होती की हिचा हात तिच्यावरच टेकलेला होता. कडाच खाली राहिली, मग लागणार काय? तिचा हात धरून पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात नेला. बोटं आडवी, सपाट, टोचायची नाहीत. पेशंटला म्हटलं, काका, तोंडाने मोठा श्वास घ्या. श्वास घेताना बोटं स्थिर, सोडताना बोटं थोडी वर, डाव्या बरगडीच्या दिशेने. असं करत करत बेंबीच्या जवळ पोचलो आणि एका श्वासाला ती कडा वरून खाली येऊन तिच्या बोटांवर आपटली. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. पेशंटच म्हणाला, ‘घावली का ताई?’

पोरगी बुद्धीला कमी नव्हती. तिला कोणी पेशंटला हात लावू दिला नव्हता आणि तिनेही मागितला नव्हता. मी शिकवलेल्या तुकड्यांत इथल्या कॉलेजातलेही असे महाभाग होते, म्हणजे दोष सगळा परदेशाचा नाही. पण इथल्या मुलाला पेशंटची भाषा तरी येते. ‘पोटात कालवतंय’, ‘अंगात कणकण आहे’, ‘छातीत भरून आल्यासारखं होतं’ यातलं काय पित्ताचं आणि काय लगेच ईसीजी काढायचं, हे त्याला कानाने कळत जातं.

म्हणून तू रशियन शीक. साहित्य वाचण्याइतकी नको, पेशंटच्या उशाशी लागेल तेवढी. ‘ग्दे बालीत?’ म्हणजे कुठे दुखतंय. इथून सुरू कर आणि कधीपासून, किती, जेवल्यावर वाढतं का, झोप लागते का, एवढं आलं की म्हाताऱ्या बायका तुला बाकीचं स्वतःच शिकवतील. म्हाताऱ्या सगळ्या देशांत सारख्याच, ऐकून घेणारं कोणी मिळालं की सोडत नाहीत. पंचविसांच्या घोळक्यात मागे उभा राहू नकोस. राउंड संपला की ड्यूटीवरच्या डॉक्टरला विचारून एकटा परत जा. रोज एक केस वहीत लिहायची, स्वतः घेतलेली हिस्ट्री आणि स्वतः तपासून जे हाताला, कानाला लागलं ते. पुस्तकातलं नाही. आणि व्हिडिओ बघ ना, कोण नको म्हणतंय, पण आज जो पेशंट तपासलास त्याच्या आजारावरचा बघ.

सुट्टीत इथे घराजवळच्या एखाद्या फॅमिली डॉक्टरांना विचारून त्यांच्या दवाखान्यात संध्याकाळी नुसता बसत जा. हे तुझ्या शिक्षणात धरलं जाणार नाही, त्यामुळे सर्टिफिकेट वगैरे मागू नकोस. कानावर पडेल ते पडू दे.

प्रश्न : नातू रशियातून एमडी होऊन आला. इथली परीक्षाही पास झाला, आता इंटर्नशिप करतोय. हौसेने दारावर ‘डॉ. अमुक, एमडी’ अशी पाटी करून घेतली, तर शेजारचे म्हणतात, तुमचा नातू खरा एमडी नाही. फार लागलं मनाला. – एक आजी, सदाशिव पेठ

उत्तर : आजी, शेजाऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त बोलण्याची रीत चुकली. तिकडे पहिल्याच पदवीचं नाव एमडी असतं आणि आपल्याकडे ती एमबीबीएसच्या बरोबरीची धरतात. इथली एमडी म्हणजे एमबीबीएसनंतर पुढची तीन वर्षं. नुसतं ‘एमडी’ वाचून पेशंटचा गैरसमज होतो आणि कौन्सिल त्याबद्दल जाब विचारू शकते, तेव्हा पाटी तूर्त उतरवा. तशीही इंटर्नशिप चालू असताना त्याला स्वतंत्र प्रॅक्टिस करता येत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची कायम नोंदणी हातात आली की नवी पाटी करा. नाव, नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तशीच पदवी, आणि खाली नोंदणी क्रमांक. क्रमांक जरा ठळक काढायला सांगा. इंडियन मेडिकल रजिस्टर एनएमसीच्या वेबसाइटवर सगळ्यांना बघता येतं, शेजाऱ्यांनाही.