स्फेंज घरी केले की पावासारखे गच्च का होतात?

मोरोक्कोत खाल्लेले स्फेंज (यीस्ट घातलेल्या सैल पिठाचे, मधे भोक असलेले तळलेले वडे) घरी करून बघितले तर आतून जाळी पडलीच नाही, नुसते गच्च झाले, काय चुकलं असं विचारलंय तुम्ही. बहुतेक पाणी कमी पडलं. मी दोन वर्षं कासाब्लांकात होतो, माझंही पहिल्या तीन वेळा हेच झालं, कारण पीठ हाताला चिकटायला लागलं की आपला हात सवयीने कोरड्या मैद्याकडे जातो आणि तिथेच सगळी वाट लागते.

अर्धा किलो मैद्याला तिकडे ४०० मिलीच्या आसपास कोमट पाणी घालतात. आपला मैदा तेवढं पाणी पीत नाही, म्हणून आधी ३५० घाला, मग चमचा चमचा वाढवत जा. ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, दीड चमचा मीठ, चिमूटभर साखर, संपलं. दूध, अंडं, बटर काहीही नाही, त्यामुळे डोनटसारखं गोड काहीतरी होईल अशी अपेक्षा ठेवू नका. अरबीत स्पंजला जो शब्द आहे त्यावरूनच हे नाव आलंय.

आता खरी मेहनत. पुरणपोळीची कणीक कशी तिंबतो, तसंच पण त्याहून सैल, परातीत उचलून आपटायचं, पुन्हा उचलायचं, चांगली पंधरा मिनिटं. सुरुवातीला वाटतं हे काही जमणार नाही, मग हळूहळू लवचिक होतं आणि ताणलं की तुटत नाही. झाकून दीड-दोन तास ठेवा, दुप्पट व्हायला हवं, वर बुडबुडे दिसले पाहिजेत (उन्हाळ्यात तासाभरातच होतं). आणि फुगल्यावर पुन्हा मळू नका प्लीज, सगळी हवा जाते!

मेदूवड्याला करतो तसे हात ओले करून गोळा तोडायचा, अंगठ्याने भोक पाडून ताणायचं आणि लगेच तेलात सोडायचं. भोक जरा मोठंच ठेवा, तळताना बुजतं. वेडेवाकडे झाले तरी चालतात, तिकडेही तसेच असतात. तेल चांगलं तापलेलं हवं, १८० डिग्रीच्या आसपास, पिठाचा कण टाकला की लगेच वर आला पाहिजे, नाहीतर तेल पितात.

तिथे सकाळी दुकानातून घेतले की पाम झाडाच्या पानाच्या पट्टीत ओवून देतात, ती गाठ मारून घरी न्यायची आणि पुदिन्याच्या चहाबरोबर गरम खायचे, वरून साखर किंवा मध घ्या नाहीतर नुसतेच. थंड झाले की चिवट होतात. उरलेच तर दाबून चपटे करा, वर अंडं फोडा आणि परत तळा, मला तर तेच जास्त आवडतात.