शर्तीतली एक ओळ आणि ओळखीचा मिस्त्री

सांगलीच्या एका वाचकाने विचारलं आहे : गाडीची दोन वर्षांची मूळ वॉरंटी पुढच्या महिन्यात संपते. शोरूमवाले पुढच्या दोन वर्षांच्या एक्स्टेंडेड वॉरंटीचे 19 हजार मागतात. घ्यावी का? आणि पत्राच्या तळाशी, जाता जाता : 'मधली एक सर्व्हिसिंग ओळखीच्या मिस्त्रीकडे केली, त्याने काही बिघडत नाही ना?'

बिघडतं. तुमचा खरा प्रश्न हाच आहे आणि तो तुम्ही ताजा कलम करून टाकलात.

अशा वॉरंटीच्या छापील शर्तींत बहुतेक वेळा एक ओळ असते : ठरलेल्या किलोमीटरला किंवा ठरलेल्या महिन्यात, जे आधी होईल तेव्हा, अधिकृत वर्कशॉपमध्येच सर्व्हिसिंग झालेली हवी. 'गाडी फिरलीच नाही, मग सर्व्हिसिंग कशाला?' असं लिहिणारेही बरेच असतात. 'जे आधी होईल' हे शब्द त्यांच्यासाठीच छापलेले असतात. ही ओळ विकताना कोणी वाचून दाखवत नाही. 19 हजार घेताना तुमचा सर्व्हिस रेकॉर्ड कोणी उघडेलच असं नाही. तो उघडतात तिसऱ्या वर्षी, गिअरबॉक्स गेल्यावर.

म्हणून पैसे भरण्याआधी शर्तींची प्रत मागा आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला, नुसत्या शोरूमला नव्हे, ईमेल करा : 'अमुक महिन्यातली सर्व्हिसिंग अधिकृत वर्कशॉपमध्ये झालेली नाही. हे कळवूनही ही वॉरंटी मला लागू राहील का?' लेखी होकार आला तर पुढचा विचार करा. 'काही होत नाही साहेब, घेऊन टाका' हा होकार नव्हे. आणि हे आजच करा, कारण मूळ वॉरंटी संपल्यावर बरेचदा ही वॉरंटी मिळतच नाही, किंवा गाडीची तपासणी आणि जास्त पैसे मागतात.

होकार हातात असताना त्याच कारणावरून दावा नाकारला, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली सेवेतल्या त्रुटीची तक्रार चांगली उभी राहते, आणि ती तुम्हाला सांगलीतच करता येते. होकाराशिवायही 'चुकलेल्या ऑइल बदलाचा या बिघाडाशी संबंध काय?' असा युक्तिवाद करता येईल. तो मान्य होईलच, असं मी म्हणणार नाही. शिवाय कलम 38 म्हणतं तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न करा, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत. जिथे ही तक्रार चालते त्या ग्राहक आयोगाच्या बाहेरच्या बाकावर बसलेल्या कोणालाही हे वाचून दाखवा, तो हसेल. तुम्हाला मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांतच तक्रार दाखल करावी लागते. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. अशी पत्रं लिहिण्यात दोन वर्षं घालवून मग माझ्याकडे आलेले लोक कमी नाहीत.

19 हजार वसूल होतील का, हे मला विचारू नका. मी वकील आहे. इतकंच सांगतो की क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर असे झिजणारे भाग सहसा यात नसतात, आणि उंदरांनी वायरी कुरतडल्या तर वॉरंटीकडे नाही, विम्याकडे बघावं लागतं. प्रमाणपत्रावर हमी देणारा म्हणून गाडी बनवणाऱ्या कंपनीचं नाव आहे की भलत्याच कोणाचं, तेही पाहा.

मिस्त्रीने बिल दिलं होतं का, हे पत्रात नाही. दिलं नसेल, असं धरून चालतो. फोनवरून पैसे दिले असतील तर त्या व्यवहाराची नोंद काढून ठेवा. मागची तारीख घालून नवं बिल मात्र करून घेऊ नका. एक सर्व्हिसिंग चुकलेला ग्राहक मला वाचवता येईल, खोटं बिल जोडलेला नाही.