कामात बुडालेल्या वकिलाला मदतीसाठी कसं गाठावं?

तुम्ही लिहिलंय की गोव्यात पेडण्यातल्या घराची मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) म्हणून नोंद करायला भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, हरकत घेतली, मामलेदाराची (तालुक्याचा महसूल अधिकारी) नोटीस आली, तीन वकिलांना व्हॉट्सअ‍ॅप केलं आणि एकाचंही उत्तर नाही. मी म्हापशात एका वकिलाच्या ऑफिसात अकरा वर्षं काम करतो. सरांना आलेले मेसेज वाचून दाखवणं माझ्याकडेच असतं, म्हणून इकडच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

सर पर्वरीला हायकोर्टात गेले की फोन बंद. संध्याकाळी परत आले की तो माझ्या हातात देतात. त्यात दहा-बारा जणांचं नुसतं 'नमस्कार सर' असतं आणि पुढे काहीच नाही. काहींनी चार-चार मिनिटं बोलून रेकॉर्ड करून पाठवलेलं असतं. आणि नोटिशीचे फोटो! खाटेवर ठेवून काढलेले, वर बोटांची सावली, आणि नेमकी सुनावणीची तारीख कापली गेलेली. सर म्हणतात, 'नंतर बघू.' तो नंतर कधी उजाडत नाही. यात तुमच्याबद्दल अनादर अजिबात नसतो. कागद न बघता लिहिलेलं एक वाक्यही उद्या कोणी पुढे करेल, ही धास्ती प्रत्येक वकिलाला असते.

दुसरं कारण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. एका दाव्यात दोन्ही बाजूंना सल्ला देता येत नाही. आपला गोवा केवढासा! तुमचा भाटकार सरांचा जुना अशील निघाला, तर सर गप्पच बसणार. म्हणून पहिल्याच मेसेजमध्ये गाव, तुमचं नाव आणि भाटकाराचं नाव लिहा. 'आपण समोरच्या बाजूने असाल तर तसं कळवा, मी दुसरीकडे विचारीन' हेही लिहा. नाही म्हणायची वाट मोकळी ठेवली की माणूस निदान नाही तरी म्हणतो, आणि तुमचे आठ दिवस वाचतात.

गेल्या पावसात सत्तरीतून एक मुलगी आली होती. सर कोर्टात होते. ती बसून राहिली नाही, वहीचा एक कागद ठेवून गेली. वर सर्व्हे नंबर आणि सब-डिव्हिजन. खाली पाच ओळी: आजोबा घरात कधीपासून, घरपट्टी कोणाच्या नावावर, विजेचं बिल कोणाच्या, एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा उतारा) कोणाचं नाव, पुढची तारीख कोणती. शेवटी एकच प्रश्न: 'मुंडकार नोंदणी आधी करू, की घर विकत घेण्याचा अर्ज थेट घालता येतो?' सरांनी तो कागद उभ्या उभ्या वाचला आणि चहा यायच्या आत तिला फोन लावला. १९७५च्या मुंडकार कायद्यात अशा प्रकरणाला लागणारे जवळपास सगळे तपशील तिने आधीच काढून ठेवले होते, सरांना खोदून विचारावं लागलंच नाही.

तुम्हीही तसंच करा. एक-चौदा भू-नोंदी खात्याच्या संकेतस्थळावर तालुका, गाव, सर्व्हे नंबर घातला की बघता येतो. नोटीस सपाट टेबलावर ठेवून, चारही कोपरे दिसतील असा फोटो काढा. फी देणार की फक्त एक शंका विचारायची आहे, तेही सरळ लिहा. पैशाचं आडून आडून बोललं की वकील सावध होतो.

वेळेचं म्हणाल तर कोर्ट चालू असताना फोन नको, दुपारी जेवून पडायच्या वेळी नको, आणि चवथीच्या दिवसांत तर विसराच. सकाळी लवकर पाठवलेला मेसेज आमच्याकडे सगळ्यांत आधी वाचला जातो. चार दिवसांनी एकदा आठवण करा, जुन्याच मेसेजला जोडून. त्यानंतरही शांतता असेल तर दुसरा वकील बघा.

फी परवडत नसेल तर १५१०० या मोफत कायदेशीर मदतीच्या नंबरवर फोन करा किंवा कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिला, अनुसूचित जाती-जमाती अशा काही गटांतल्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत.

आणि नोटिशीवरची तारीख या आठवड्यातली असेल तर फोनकडे बघत बसू नका. त्या दिवशी नोटीस घेऊन स्वतः मामलेदारासमोर उभे राहा आणि वकील करायला मुदत हवी असा अर्ज लेखी द्या. त्या अर्जाच्या एका प्रतीवर कचेरीचा शिक्का मारून घ्या आणि ती स्वतःकडे ठेवा.