स्लरीच्या पाइपात बसणारा पांढरा थर

प्रश्न : बायोगॅसची स्लरी वाहून नेणाऱ्या पाइपच्या एल्बोमध्ये पांढरा, दगडासारखा थर बसतो. छिन्नीने फोडावा लागतो. हे काय आहे? शेतात टाकता येईल का?

उत्तर : बहुतेक हा स्ट्रुव्हाइट असावा, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा स्फटिक. वळणावर स्लरी घुसळते, तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू (pH) चढतो आणि खडे तिथेच धरतात. एक खडा व्हिनेगरमध्ये टाकून बघा. बुडबुडे सुटले तर चुनखडी आहे. स्ट्रुव्हाइट बुडबुड्यांविना हळूहळू विरघळतो. खत म्हणून तो उत्तम आहे. शुद्ध स्ट्रुव्हाइटमध्ये स्फुरद (खताच्या हिशोबातले P₂O₅, निव्वळ फॉस्फरस नव्हे) सुमारे २९ टक्के, नत्र ५.७ टक्के आणि मॅग्नेशियम जवळपास १० टक्के असते.

प्रश्न : मग तो मुद्दाम तयार करता येईल?

उत्तर : येईल, पण आधी बादलीत करून पाहा. स्लरी गाळून चोथा वेगळा काढा आणि पातळ भागातला विरघळलेला फॉस्फरस प्रयोगशाळेत तपासून घ्या. लिटरला १०० मिलिग्रॅम निघाला, तर १० लिटरला साधारण ९.५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट (सात पाण्याचे, म्हणजे एप्सम मीठ) पुरते. हवेच्या पंपाने बुडबुडे सोडून सामू ८.५ ते ९ वर आणा, अर्धा तास ढवळा, मग निवळू द्या. हाती जास्तीत जास्त ८ ग्रॅम स्फटिक येतील.

त्याहून बरेच कमी आले, तर दोष बहुधा कॅल्शियमचा असतो. ते फॉस्फेट आधीच पकडून ठेवते. शिवाय शेणातला बराचसा फॉस्फरस चोथ्याबरोबरच जातो, म्हणून चोथा टाकून देऊ नका, शेतातच घाला. उरलेले पाणी पुन्हा संयंत्रात मात्र सोडू नका : सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. स्फटिक सावलीत वाळवा. ५० अंश सेल्सिअसच्या वर तापले की अमोनिया उडून जातो.

प्रश्न : हेक्टरी किती द्यावा? युरिया बंद करता येईल?

उत्तर : ५० किलो स्फुरदासाठी सुमारे १७२ किलो. त्यातून नत्र जेमतेम १० किलो मिळते, त्यामुळे बाकीचे वेगळे द्यावेच लागेल. त्यातले काही उरलेल्या पाण्यातूनच मिळते, कारण अमोनियाचा मोठा भाग तिथेच राहतो. ते पाणी दिल्यावर लगेच मातीआड करा, नाहीतर तो हवेत जातो. स्ट्रुव्हाइट पाण्यात फार कमी विरघळतो. आम्लधर्मी जमिनीत त्याचा गुण लवकर दिसतो. चुनखडीच्या जमिनीत मोठे खडे तसेच पडून राहतात. तिथे बारीक कुटून, पेरणीआधी मुळांच्या थरात मिसळा.