पोकरमध्ये हातात एक्क्यांची जोडी असताना टर्नला ऑल-इन आली तर कॉल करावा की फोल्ड करून पत्ते टाकावेत?

तुमचा होल्डेम पोकरचा डाव वाचला (हातात दोन झाकलेले पत्ते, मध्ये सगळ्यांचे उघडे: फ्लॉपला तीन, टर्नला चौथा, रिव्हरला पाचवा). हातात एक्के, फ्लॉप राणी-अठ्ठी-सत्ती, टर्नला दुर्री, फ्लशची, म्हणजे एकाच चिन्हाच्या पाच पत्त्यांची, शक्यता कुठेच नाही. पॉटात (मधल्या ढिगात) २२०, तुम्ही १५० लावले, समोरच्याने ५०० ऑल-इन मारली, म्हणजे होतं ते सगळं लावलं, आणि तुम्ही कॉल करून, म्हणजे तेवढेच भरून, सत्तीच्या सेटला (त्याच्या हातात दोन सत्त्या, मध्ये तिसरी) हरलात. आता विचारताय की चुकलं का. हरलात म्हणून चुकलं असं अजिबात नाही, पण समोरचा कोण होता, कसा खेळतो, यावर तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत आणि सगळी गोम तिथेच आहे.

आपण सगळे दिवाळीला तीन पत्ती खेळून मोठे झालोय ना, त्यात एक्क्यांची जोडी म्हणजे डाव जवळजवळ खिशात. होल्डेममध्ये सात पत्त्यांतून पाच निवडायचे, त्यामुळे टर्नला ती शेवटी एक जोडीच. फ्लॉपच्या आधी मात्र एक्के असले की समोरून कितीही मोठा रेझ येऊ दे, म्हणजे बोली कितीही वाढू दे, बिनधास्त आत जायचं, समोर राजे असले तरी पाचातून चारदा आपणच जिंकतो.

तुमचा हिशोब असा. ५०० मधले १५० आधीच लावलेत, म्हणून अजून ३५० भरायचे, एकूण पॉट १२२०, म्हणजे २९ टक्के वेळा जिंकलात तरी भागतं. राणी, अठ्ठी, सत्ती यांचे सेट प्रत्येकी तीन प्रकारे बनतात, झाले नऊ, त्यांच्यासमोर रिव्हरला उरलेल्या ४४ पत्त्यांतले दोन एक्केच तुम्हाला वाचवणार. पण तोच माणूस दश्शी-नव्वी घेऊन नुसत्या ड्रॉवर (छक्की किंवा गुलाम आला तर सलग पाच, नाहीतर काहीच नाही) ऑल-इन मारणारा असेल आणि अशी पाच कॉम्बिनेशन्स जरी धरली तरी कॉल बरोबर ठरतो. त्यात हातातल्या राजा-राणीवर, म्हणजे नुसत्या राण्यांच्या जोडीवर, उड्या मारणारा असेल तर विचारच नको.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला मित्राच्या घरी शनिवारी बसतो, पैसे नाहीत, हरेल त्याने रविवारी सगळ्यांना मामलेदारची मिसळ खिलवायची. (ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचं ऑनलाइन पोकर बंद झालं तेव्हापासून गर्दी जरा वाढलीये.) तिथे एक पोरगा आहे, तो टर्नला काहीही घेऊन रेझ मारतो, त्याला मी एका जोडीवर आरामात कॉल करतो. आणि एक रिटायर्ड काका आहेत, तीन-तीन तास फोल्ड, फोल्ड, फोल्ड. मागच्या महिन्यात माझ्याकडे एक्के, बोर्ड जवळपास तुमच्यासारखाच, काकांनी चहाचा कप खाली फरशीवर ठेवला, चिप्सचे दोन सरळ ढीग केले आणि दोन्ही पुढे सरकवले. मी एक्के उलटे करून सगळ्यांना दाखवले आणि फोल्ड केलं. पोरगा ओरडला, अरे वेडा आहेस का! काकांनी आपले पत्ते न दाखवता गड्डीत घातले, कप उचलला आणि म्हणाले, चहा गार झाला रे.

अजून सांगत नाहीत काय होतं ते.