मित्राचं बाइंडिंग 8 वर आहे, म्हणून माझंही?

रिसॉर्टमध्ये स्कीइंग आणि अधूनमधून टूरिंग (लिफ्टशिवाय स्कीवरून डोंगर चढून खाली उतरणं) करणाऱ्यांच्या प्रश्नांत बाइंडिंगबद्दल तोच घोळ पुन्हा पुन्हा येतो, म्हणून एकत्र उत्तरं देतो. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारा आणि पडताना सोडणारा भाग; त्यावरचा आकडा म्हणजे तो किती जोर आल्यावर बूट सोडेल.

बहुतेक दिवस लिफ्टवर, चार-पाच दिवस टूरिंग. स्की किती रुंद हवी?

बुटाखाली साधारण 88 ते 98 मिलिमीटर. फार रुंद स्की कडक बर्फावर कडेवर घ्यायला जड जाते.

साधे अल्पाइन (लिफ्टवरच्या स्कीइंगचे) बूट पिन बाइंडिंगमध्ये चालतील?

नाही. पिन बाइंडिंग बुटाला धातूच्या पिनांनी पकडतं; त्यासाठी बुटाच्या टोकाला आणि टाचेला धातूच्या खोबणी लागतात.

मित्राचं वजन माझ्याएवढंच आहे. त्याचं बाइंडिंग 8 वर आहे. मीही 8 ठेवू?

नका ठेवू. हा प्रश्न वाचला की मला काळजी वाटते. तो आकडा वजनासोबत उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुमची स्कीइंगची पद्धत यांवरून निघतो. तळवा आखूड असेल तर त्याच माणसाला आकडा जास्त लागतो; पन्नाशीनंतर तो कमी करतात. आकडा जास्त झाला तर पडताना बूट सुटत नाही आणि नडगीचं हाड मोडू शकतं. कमी झाला तर वेगात असताना स्की आपोआप निसटते. आकडा बरोबर असला तरी गुडघ्याचा अस्थिबंध वाचेलच असं नाही, बाइंडिंग मुळात त्यासाठी बनलेलं नाही. शिवाय काही पिन बाइंडिंगवरचा 8 आणि अल्पाइन बाइंडिंगवरचा 8 सारखे नसतात. ऐकीव आकडा लावून उतारावर जाऊ नका. तुमचेच बूट घेऊन प्रशिक्षित तंत्रज्ञाकडे जा, बाइंडिंगच्या टाचेकडच्या भागाचा बुटावरचा दाब तपासून घ्या आणि यंत्रावर सुटण्याची चाचणी करून घ्या.

दुकानदार म्हणतो, हायब्रिड बाइंडिंग सगळ्या बुटांना चालतं.

विकायचं असलं की असंच सांगतात. हायब्रिडमध्ये पिनवर चढता येतं आणि अल्पाइनसारखं उतरता येतं, तुमच्या वापराला ते योग्यच आहे. पण ते साध्या पिनपेक्षा जड असतं. अल्पाइन, टूरिंग आणि ग्रिपवॉक (चालायला सोपा, किंचित वळणदार) तळव्यांची मानकं वेगळी आहेत. तुमच्या बुटाचा तळवा बाइंडिंगच्या यादीत आहे का, हे बाइंडिंग बसवायला स्कीला भोकं पाडण्याआधी लेखी घ्या.

उतरताना पिनचा पुढचा भाग लॉक ठेवू का? निसटण्याची भीती वाटते.

नाही. लॉक चढण्यासाठी असतो. उतरताना तो लावलेला असेल तर पडल्यावर पाय सुटणं फार अवघड होतं आणि हिमस्खलनात स्की तुम्हाला खाली ओढते. बूट वारंवार निसटत असेल तर खोबणीतला बर्फ काढा, तरीही थांबत नसेल तर बाइंडिंग दाखवा.

गेल्या हंगामात तपासलं होतं, यंदा पुन्हा?

हो. बूट बदलले, वजन बदललं, तर हंगामाच्या मध्यातही.