वजन नॉर्मल असताना खाण्याचा मानसिक आजार असू शकतो का?

हो, असू शकतो. तुमची धाकटी बहीण पोटभर जेवते, अंगानंही चांगली आहे, पण जेवण झालं की लगेच बाथरूम गाठते, आणि आई म्हणते, "एवढ्या धडधाकट पोरीला कसला आलाय आजार?" आईसारखाच समज बहुतेकांचा असतो, आणि त्यापायीच उपचार लांबतात.

मी दातांची डॉक्टर आहे. बुलिमियात, म्हणजे भरमसाट खाऊन मग मुद्दाम उलटी करून ते काढून टाकण्याच्या आजारात, वजन बहुधा नॉर्मल किंवा थोडं जास्तच असतं, त्यामुळे घरच्यांना पत्ता लागत नाही. आम्हाला कधीकधी दातांवरून शंका येते. वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू झिजलेली दिसते, कारण उलटीबरोबर आलेलं पोटातलं आम्ल इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, विरघळवतं. कानापुढे, जबड्याच्या कोपऱ्याशी लाळग्रंथी सुजलेल्या असतात. जुनाट अ‍ॅसिडिटीतही दात असे झिजतात, म्हणून नुसत्या दातांवरून निदान होत नाही. दात नीट करता येतात हो. मला धास्ती असते पोटॅशियमची. वारंवार उलट्या झाल्या की ते घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, दिसायला ठणठणीत माणसाचेसुद्धा.

"ही हल्लीच्या मुलींची थेरं" हेही खरं नाही. लंडनच्या रिचर्ड मॉर्टन या डॉक्टरांनी १६८९ साली खाणं टाकून खंगत गेलेल्या दोन रुग्णांची हकिकत लिहिली, त्यातला एक सोळा वर्षांचा मुलगा होता. मुलगे आणि पुरुष आजही तपासणीपर्यंत पोचत नाहीत, कारण त्यांच्याबद्दल कुणाला शंकाच येत नाही. शिवाय आपल्याकडे उपवासाचा आडोसा असतो. वाढत चाललेल्या उपवासांचं घरात कौतुकच होतं.

बहिणीवर पहारा ठेवू नका, चारचौघांत विचारू नका. एकटी असताना "तुला त्रास होतोय असं वाटतं, मी सोबत येते" एवढंच म्हणा. घरात तिच्या अंगकाठीवर बोलणं आजपासून बंद, कौतुकाचंसुद्धा. फिजिशियनकडून रक्तातलं पोटॅशियम आणि ईसीजी तपासून घ्या, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जाच. बुलिमियावर समुपदेशन आणि औषधं, दोन्ही उपयोगी पडतात. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मोफत बोलता येतं, मराठीतही.

उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नये. मऊ पडलेलं इनॅमल घासलं जातं. साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरावी. छातीत धडधड, चक्कर किंवा उलटीत रक्त असं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता तिला लगेच हॉस्पिटलमध्ये न्या.